चार सेकंदांत बंद पडणारा नवा कॉम्प्युटर

बटन दाबलं की पंखे फिरायचे, रॅमच्या पट्ट्यांवरचे दिवे लागायचे, मदरबोर्डच्या कडेला एक पिवळा ठिपका उजळायचा आणि मॉनिटरकडे मान वळवेपर्यंत सगळं विझलेलं असायचं. लगेच पुन्हा बटन दाबलं तर काहीच नाही. थोडा वेळ जाऊ दिला, मागचा स्विच बंद-चालू केला, वायरी चाचपून पाहिल्या, की परत तेच. पंखे, दिवे, अंधार.

हा डेस्कटॉप मी आणि माझ्या धाकट्या भावानं मिळून जोडला होता. तो व्हिडिओ एडिटिंग शिकतोय आणि जुन्या लॅपटॉपवर एकेक मिनिटाचं फुटेज बाहेर काढताना त्याचा जीव मेटाकुटीला येत होता. या मशीनकडे तो फार आशेनं बघत होता. सगळे भाग नवे, एएम५ सॉकेटचा (एएमडीचा प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम (डीडीआर४ च्या पुढची पिढी), जोडणीही निवांतपणे, प्रत्येक पायरीला मॅन्युअल उघडून केलेली. मी गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्यांना मशीन जोडून देत आले आहे. पहिल्या बटनाला काही दिसलं नाही म्हणून माझं धाबं दणाणत नाही. पण चालू होऊन बंद पडणं हे अजिबात चालू न होण्यापेक्षा अवघड दुखणं. मशीन मुळात चालूच होत नसेल तर वीज कुठेतरी अडते आहे एवढं तरी कळतं. हे असं क्षणभर जागं होऊन झोपणारं मशीन असेल तर कशावरही संशय घेता येतो, आणि प्रत्येक संशयाला दुजोरा देणारं कुणी ना कुणी भेटतं. रॅम खराब असेल. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा सप्लायचा डबा) गेला असेल. बायोस (मशीनला जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करून बघा. प्रोसेसर परत पाठवा.

भावाचा हात तोवर रॅमच्या क्लिपांपर्यंत पोचला होता. मी त्याला थांबवलं. “आत्ता काही काढायचं नाही, काही लावायचं नाही. आधी नुसतं बघू.”

“बघायला काय आहे, ताई? चालू होतो आणि बंद पडतो.”

“किती वेळानं पडतो?”

त्यानं मोबाइल स्टँडला लावला, मदरबोर्डचा दिवा दिसेल असा कोन धरला आणि बटन दाबण्यापासून बंद पडेपर्यंतचं शूटिंग केलं. असे बरेच तुकडे घेतले. मग एडिटरच्या सवयीनं ते टाइमलाइनवर टाकून फ्रेम मोजल्या. सेकंदाला तीस फ्रेमच्या चित्रणात दिवा लागल्यापासून विझेपर्यंत दर वेळी १२० च्या आसपास फ्रेम भरत होत्या. दोन-चार इकडे, दोन-चार तिकडे. म्हणजे चार सेकंद. थंड मशीन असो की नुकतंच चालवलेलं, आकडा हलत नव्हता.

मला या आकड्याचं फार मोल वाटलं, कारण बंद पडण्याच्या प्रत्येक कारणाची स्वतःची एक वेळ असते.

कुठेतरी शॉर्ट असेल तर सप्लाय चार सेकंद थांबत नाही. शॉर्ट सर्किटपासूनचं संरक्षण एसएमपीएसमध्येच असतं आणि ते झटक्यात काम करतं. पंख्याचं पातं जेमतेम हललंसं वाटतं आणि थांबतं. प्रोसेसर तापून बंद पडत असेल तर पहिल्या वेळी जास्त आणि लगेच पुन्हा चालू केल्यावर कमी वेळ लागायला हवा, कारण दुसऱ्या वेळी तो आधीच गरम असतो. शिवाय आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करून घेतात, अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद होतात. प्रोसेसरला थंड ठेवणारा हीटसिंक त्याला नीट टेकलाच नसेल, किंवा त्याच्या तळाचं संरक्षक प्लास्टिक तसंच राहिलं असेल, तर मात्र काही सेकंदांतही तसं होऊ शकतं. म्हणून तेवढं एकदा उघडून पाहिलं. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली होती आणि प्लास्टिक जोडतानाच काढलेलं होतं. जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल तर मशीन चालू राहतं, फक्त चित्र येत नाही. ते सहसा असं टाइम लावल्यासारखं बंद पडत नाही. रॅमचंही तेच.

दर वेळी बरोबर चार सेकंद म्हणजे आत कुणीतरी मोजतंय. संरक्षणाची सर्किटं मोजत बसत नाहीत. हे मोजणारं कोण, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आणि त्याखाली दुसरी खूण लिहिली: बंद पडल्यानंतर बटन काही काळ मेलेलं असतं.

ही दुसरी खूण मात्र सरळ एसएमपीएसकडे बोट दाखवत होती. बरेच सप्लाय एकदा संरक्षणात गेले की तिथेच अडकून राहतात आणि मागचा स्विच बंद करून जरा थांबल्याशिवाय परत उठत नाहीत. आमच्याकडे अगदी तसंच चाललं होतं. तेव्हा सप्लाय तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

एटीएक्स सप्लाय (डेस्कटॉपमध्ये नेहमी असतो तो नमुना) मदरबोर्डशिवाय चालू करता येतो, आणि ही युक्ती ठाऊक असली की निम्मी भीती जाते. मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ क्रमांकाची पिन ही ‘चालू हो’ सांगणारी तार असते. जुन्या सप्लायमध्ये ती हिरवी असायची. आता मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबल्स बहुतेक काळ्याच येतात, त्यामुळे रंगावर न जाता पिना मोजाव्या लागतात. क्लिप असलेल्या बाजूच्या ओळीत १३ ते २४ या पिना असतात, आणि १६ च्या शेजारची १७ ही ग्राउंडची. सप्लायचा स्विच बंद ठेवून, कनेक्टर बोर्डपासून मोकळा करून, या दोन पिनांमध्ये वाकवलेली पेपरक्लिप घातली आणि मग स्विच चालू केला. काही सप्लाय कमी लोडवर आपला पंखा फिरवतच नाहीत, म्हणून कॅबिनेटचा एक पंखा त्याला जोडून ठेवला होता. पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला. मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टच्या तारेवर ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५. दोन्ही आकडे मधोमध होते, ३.३ चाही.

याचा अर्थ सप्लाय निर्दोष ठरला असा नाही. पंख्याचा भार तो काय असणार! खरा भार पडल्यावर दगा देणारे सप्लाय या परीक्षेत बिनधास्त पास होतात. पण रिकाम्या अवस्थेत तो चार सेकंदांनी बंद पडत नाही एवढं पक्कं झालं, आणि आमची तक्रार नेमकी त्या चार सेकंदांची होती. इथे एक सांगायलाच हवं. तपासणी करायची ती बाहेरच्या केबल्सवर. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये मेनचा चार्ज बराच वेळ साठून राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

आता मशीन कॅबिनेटबाहेर काढायचं ठरलं. भावाचा चेहरा पडला. एवढ्या निगुतीनं ओढून-बांधून घेतलेल्या वायरी सोडायच्या म्हणजे त्याला शिक्षाच वाटली. पण माझा अनुभव असा, की कॅबिनेटच्या आत वाकून, टॉर्च दातांत धरून जे तासन्‌तास सापडत नाही, ते बाहेर टेबलावर पटकन हाती येतं. मदरबोर्ड ज्या खोक्यातून आला होता त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर तो ठेवला. चमकदार अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवला नाही, कारण त्या पिशवीचा बाहेरचा थर थोडीफार वीज वाहून नेतो. बोर्डवर प्रोसेसर, हीटसिंक आणि रॅमची एकच पट्टी, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खाचेत. दोन केबल्स, २४ पिनांची आणि प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची. ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी नाही, यूएसबीला काही नाही. मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला. आमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे म्हणून हे जमलं. नावाशेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं, आणि मग कार्ड लावण्यावाचून इलाज नसतो.

कॅबिनेट नाही म्हणजे बटनही नाही. बोर्डच्या खालच्या कडेला दोन ओळींत पिनांचा एक छोटा झुबका असतो. दहा जागा, त्यांतल्या नऊ भरलेल्या. पॉवर बटन, रीसेट बटन आणि पुढचे दोन दिवे तिथे जोडतात. पॉवर बटनाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बटन दाबल्यासारखं होतं. मी टेकवलं आणि उचललं.

पंखा फिरला. चार सेकंद गेले. पाच. दहा. चालूच!

भाऊ उडी मारायच्या बेतात होता, पण मॉनिटर काळाच होता आणि बोर्डवरचा पिवळा दिवा जळत होता. त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘डीरॅम’ लिहिलेलं. आमच्या बोर्डवर असे चार दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन जागं होताना ज्या पायरीवर असेल त्या पायरीचा दिवा लागतो, पायरी पार झाली की विझतो, पुढचा लागतो. जो जळत राहील तिथे गाडं अडलंय.

“म्हणजे रॅमच खराब. बंद करू?”

“थांब. हात लावू नकोस.”

या थांबण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण डीडीआर५ आल्यापासून चांगली मशीनं या टप्प्यावर उगाच बंद केली जातात, परत खोलली जातात आणि चांगल्या रॅम दुकानात परत जातात. बटन दाबल्यावर सप्लाय आपले व्होल्टेज स्थिर झाले की बोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. याला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. मग तोवर प्रोसेसरला रोखून धरणारा रीसेटचा इशारा सुटतो, आणि बोर्डवरच्या फ्लॅश चिपमधला बायोस वाचायला सुरुवात होते. रॅम तेव्हा वापरण्याजोगी नसते. तिला वीज मिळालेली असते, पण तिच्याशी बोलायचं कसं हे ठरायचं असतं. ४८०० वेगाच्या रॅममध्ये प्रत्येक तारेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला साधारण २०८ पिकोसेकंद येतात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा अगदी मापून काढलेल्या असल्या तरी प्रत्येक बोर्ड, प्रत्येक पट्टी, प्रत्येक प्रोसेसर किंचित वेगळा. म्हणून पहिल्यांदा चालू होताना मशीन प्रत्येक तारेसाठी नमुने पाठवतं, परत वाचतं, वेळ जराशी मागे-पुढे करतं, व्होल्टेज बदलून बघतं आणि सगळ्यात भरवशाची जागा शोधून काढतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ मध्येही ते होतं, पण इतकं पटकन उरकायचं की कुणाच्या ध्यानात येत नसे. डीडीआर५ ला पहिल्या वेळी काही मिनिटंही लागू शकतात, जास्त रॅम असेल तर आणखी. तोवर मॉनिटर काळा, डीरॅमचा दिवा लागलेला, आणि मध्येच मशीन आपण होऊन एकदा बंद-चालूही होऊ शकतं. नंतर ती माहिती साठवून ठेवली जाते, पण रॅम हलवली, बदलली किंवा बायोसच्या सेटिंग पुसल्या की सगळं पहिल्यापासून. दर दोन मिनिटांनी पट्ट्या काढून दुसऱ्या खाचांत घालणारा माणूस मशीनला ते काम कधी पुरं करूच देत नाही.

आम्ही चहा करायला गेलो नाही, तिथेच बसून राहिलो. पिवळा दिवा विझला, पुढचे भराभर लागून विझले आणि मॉनिटरवर बायोसचं पान आलं. प्रोसेसरचं नाव बरोबर, रॅमचा आकडा बरोबर, तापमान चाळिशीत. त्या एका पानानं किती संशय एकदम मिटले! प्रोसेसर जिवंत, त्याचा सॉकेट ठीक, बायोस त्याला ओळखतो, ही रॅम ठीक, हीटसिंक टेकलेला, सप्लाय हा भार पेलतो. दुसरी पट्टी चौथ्या खाचेत घालून पाहिली. परत तेवढीच वाट पाहिली. तीही ठीक.

आणि मग भावानं सहज विचारलं, “आता हा बंद कसा करायचा? बटन तर नाही.”

“स्क्रू ड्रायव्हर परत त्याच पिनांना लाव आणि धरून ठेव. चार सेकंद.”

बोलून झालं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. त्यानं स्क्रू ड्रायव्हर धरला. पंखे, दिवे आणि बरोबर त्याच्या व्हिडिओतल्यासारखा अंधार.

मोजणारं कोण ते सापडलं होतं. अडकलेला कॉम्प्युटर बटन दाबून धरून बंद करायची सवय सगळ्यांनाच असते, पण ही सोय कुठे बसलेली आहे याचा विचार कुणी करत नाही. एटीएक्सच्या आधीच्या मशीनमध्ये पुढचं बटन म्हणजे खरोखरचा मेनचा स्विच असायचा, दाबला की वीजच तुटायची. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स आणलं आणि बटन हे नुसतं सांगणं झालं: दोन पिना क्षणभर जुळतात, बोर्डला कळतं, बोर्ड सप्लायला उठवतो. पण मग मशीन गोठलं तर ते सांगणं ऐकणार कोण? म्हणून १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून जो एसीपीआय नावाचा नियमग्रंथ काढला, त्यात ही सोय आहे: बटन चार सेकंदांहून जास्त दाबलेलं राहिलं तर कुणालाही न विचारता मशीन बंद. हे काम हार्डवेअरच करतं. विंडोज लागत नाही, आमच्या अनुभवानं सांगायचं तर रॅमचं ट्रेनिंग पुरं झालेलं असण्याचीही गरज नाही. म्हणूनच आमच्या मशीनला ट्रेनिंगसाठी कधी उसंत मिळाली नव्हती. काही मिनिटांचं काम, आणि हातात चार सेकंद.

बंद पडल्यावर बटन मेल्यासारखं का होतं, तेही उलगडलं. बटन दाबलेलंच राहिलं असेल तर बोर्डला नवा दाब कळणार कसा? आधी ते सुटायला हवं. आम्ही थोडा वेळ थांबायचो, कॅबिनेट हलवायचो, मागे हात घालून स्विच बंद करायचो, तेवढ्यात ते सुटत असावं.

अर्थात, हा अजून अंदाज होता. कॅबिनेटमध्ये बोर्ड धरून ठेवणारे स्टँडऑफ असतात, मागच्या पोर्टांची पत्र्याची चौकट असते, पुढच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरी असतात, आणि यातलं काहीही भानगड करू शकतं. बोर्डला भोक नाही अशा जागी एखादा जादा स्टँडऑफ राहून गेला तर तो बोर्डच्या पाठीमागच्या सोल्डरला टेकतो. पत्र्याच्या चौकटीची एखादी जीभ पोर्टच्या आत वाकून जाते. अशा भानगडी चार सेकंद मोजत नाहीत हे खरं, पण बोर्ड परत आत बसवायचाच होता, तर एकेक गोष्ट वाढवत जाऊन खात्री करून घेणं शहाणपणाचं होतं. मागे बसवलेले स्टँडऑफ बोर्डच्या भोकांशी ताडून पाहिले. नऊ भोकं, नऊ स्टँडऑफ, जादा एकही नाही. बोर्ड बसवला, स्क्रू घातले, पुढच्या पॅनेलची एकही वायर न लावता स्क्रू ड्रायव्हर टेकवला. चालू, आणि चालूच राहिला. पुढच्या यूएसबीची वायर लावली, चालू. ऑडिओची लावली, चालू. ग्राफिक्स कार्ड आणि त्याची वीज, चालू. पुढचे दिवे, रीसेट, चालू. उरली फक्त पॉवर बटनाची दोन पिनांची बारीक वायर.

ती लावली आणि कॅबिनेटचं बटन दाबलं. चार सेकंद. अंधार.

मग आम्ही ती वायर काढून तिच्या जागी रीसेट बटनाची वायर लावली. बोर्डच्या दृष्टीनं दोन्ही बटनं सारखीच, दाबलं की दोन तारा जोडणारी, सोडलं की तोडणारी. दिव्यांच्या वायरींना उलट-सुलट असतं, बटनांना नसतं. रीसेट दाबलं आणि मशीन उठलं ते उठलंच. पॉवर बटन बिघडलंय असा संशय असेल तर मल्टिमीटर नसतानाही करता येण्यासारखी याहून सोपी खात्री मला माहीत नाही.

आमच्याकडे मल्टिमीटर होता, म्हणून पुरावाही हातात घेतला. पॉवर बटनाची वायर मोकळी करून तिच्या दोन तारांना कंटिन्युइटीच्या बीपवर लावलं, म्हणजे तारा आत जोडलेल्या असल्या की मल्टिमीटर वाजतो. बटन दाबलं, बीप. बोट उचललं, बीप चालूच. भाऊ ऐकत राहिला आणि म्हणाला, “हे तर अजून दाबलेलंच आहे!” डोळ्यांना ते वर आलेलं दिसत होतं. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला टिचकी मारली आणि बीप थांबली.

पुढचं पॅनेल क्लिपांवर असतं, ते काढलं. आतला स्विच स्वतः ठीक होता. पॅनेलशिवाय नुसत्या बोटानं दाबला तर दर वेळी नीट सुटायचा. दोष त्याच्यावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोपीच्या भोकात होता. साच्यातून निघताना त्या भोकाच्या आतल्या कडेला प्लास्टिकची एक पातळ धार राहून गेली होती. टोपी आत जाताना तिच्यावरून सरकायची आणि परत येताना तिला अडायची, तीही एवढीशीच की बटन वर आल्यासारखं दिसे आणि स्विच मात्र जेमतेम दाबलेला राही. नखाला ती धार लागत होती. एवढ्या नव्या, एवढ्या गुंतागुंतीच्या भागांच्या मशीनमध्ये सगळ्यात साधा यांत्रिक भाग अडला होता, आणि तपासणीच्या कुठल्याही यादीत मी तो वरच्या जागी पाहिलेला नाही. आता माझ्या वहीत तो वर आहे. कॅबिनेट नवं असेल तर बोर्ड आत बसवण्याआधीच दोन्ही बटनांच्या वायरी मल्टिमीटरला लावून, दाबून आणि सोडून बघते.

धार बारीक सँडपेपरनं घासून काढता आली असती. पण कॅबिनेट नवं होतं आणि दोष बनावटीतला होता, त्यामुळे घासण्याआधी भावानं त्याचाही व्हिडिओ काढला: दाबलेलं बटन, सुटलेलं बोट आणि मल्टिमीटरची न थांबणारी बीप, सगळं एकाच चौकटीत. विकणाऱ्यानं वाद न घालता नवं पॅनेल पाठवायचं मान्य केलं. ते येईपर्यंत रीसेट बटनानंच मशीन चालू करायचं ठरलं.

त्यानंतरचं काम सरळ होतं. एसएसडी कोरी असल्यामुळे मशीन दर वेळी बायोसच्या पानावरच येऊन थांबायचं. तो बिघाड नसतो, चालू करायला आत अजून काहीच नाही एवढाच त्याचा अर्थ. पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम घातली. सगळं स्थिर झालंय म्हटल्यावरच रॅमचा ६००० वेगाचा एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू केला. तो आधी चालू केला नव्हता, कारण तो वेग म्हणजे रॅम बनवणाऱ्यानं सांगितलेला ओव्हरक्लॉक (नेहमीपेक्षा वाढवलेला वेग), आणि बिघाड शोधताना असली भर नको असते. प्रोफाइल बदलल्यामुळे पिवळा दिवा परत लागला आणि बराच वेळ जळत राहिला. भावानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण बटनाकडे हात नेला नाही. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ चालवलं, सकाळी एकही चूक नोंदलेली नव्हती. मग त्यानं लॅपटॉपवरचं अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट नव्या एसएसडीवर उतरवून घेतलं आणि रेंडरला लावलं.